कोर्टाजवळचं टायपिंगचं दुकान आणि दादाच्या मेडिकल कौन्सिलच्या सुनावणीचा घटनाक्रम

बेळगावात किंवा आसपास खानापूर, निपाणी, चिकोडीकडं कुणाला कौन्सिलची नोटीस, खात्याची चौकशी, संस्थेची शिस्तभंगाची कारवाई असलं काही आलं असेल आणि वकिलांनी "आधी सगळं तारीखवार लिहून आणा" म्हणून सांगितलं असेल, तर कुठं जायचं ते सांगायला हा रिव्ह्यू लिहितेय. पाचपैकी साडेचार स्टार देते. अर्धा का कापला ते खाली येईलच.

दुकानाला वेगळं असं नाव नाही. चन्नम्मा सर्कलकडून कोर्टाकडं वळलं की झेरॉक्सवाल्यांची रांग लागते, त्यातलं अगदी आतल्या बाजूचं, बोर्डावर वर मोठं कन्नड आणि खाली मराठीत नुसतं झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन लिहिलंय. आत दोन कॉम्प्युटर, एक जुनं नंबरिंग मशीन, टॅगांची जुडी आणि बसायला एकच बाक. चालवतात एक काका, कोर्टात शिरस्तेदार होऊन रिटायर झालेत, आणि त्यांच्या सूनबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणतात. अक्का कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही टाइप करतात, कन्नड नुडी आणि मराठी श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिन्ही वाचून समजून करतात, हे महत्त्वाचं कारण आपल्या भागात एकाच प्रकरणाचे कागद तीन भाषांत असतात आणि नुसतं बघून टाइप करणारा माणूस हितं उपयोगाचा नाही.

प्रकरण थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा दादा एमबीबीएस, खानापूर तालुक्यात चार खाटांचा दवाखाना चालवतो, गावाचं नाव मुद्दाम घालत नाही कारण पेशंटच्या घरच्यांनाही त्रास नको. पावसाळ्यात भाताच्या लावणीत एका माणसाला पायाला साप चावला, दादाकडं आणलं, दादानं सापाच्या विषावरची लस चालू करून १०८ बोलावून बेळगावला पाठवलं, माणूस वाचला, पण पायाचं एक बोट काढावं लागलं. काही महिन्यांनी घरच्यांनी बेंगळुरूला कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडं तक्रार केली की दवाखान्यात तासभर नुसतं बसवून ठेवलं म्हणून बोट गेलं. त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही तसंच वाटलं असतं हे मी मनापासून म्हणते, ज्याच्या घरचा कर्ता माणूस शेतात नीट चालू शकत नाही त्याला राग येणारच. पण दादाची सनद पणाला लागली होती, नाव रजिस्टरमधून ठराविक मुदतीसाठी किंवा कायमचंसुद्धा काढता येतं, आणि तो दवाखाना बंद पडला तर आसपासच्या वाड्यांना रात्री जायला दुसरी जागा नाही.

नियम २००२ चेच लागतात, इंडियन मेडिकल कौन्सिलचे प्रोफेशनल कंडक्टचे, म्हणजे डॉक्टरनं कसं वागायचं त्याचे. मधे २ ऑगस्ट २०२३ ला नवीन नियम आले होते पण त्याच महिन्यात २३ तारखेला ते स्थगित ठेवले, त्यामुळं कुणी नवीन नियम म्हणून काही फॉरवर्ड करत असेल तर आधी वकिलांना विचारा. या २००२ च्या नियमांत डॉक्टरला स्वतः हजर राहून किंवा वकिलामार्फत म्हणणं मांडायची संधी द्यायची आहे, तक्रारीवर सहा महिन्यांत निर्णय घ्यायचा आहे, आणि दाखल पेशंटचे कागद उपचार चालू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायचे आहेत, पेशंटनं मागितले तर ७२ तासांत द्यायचे आहेत. दादानं कागद सांभाळले होते आणि मागितले तेव्हा वेळेत दिलेही होते, त्याची पोच होती, आणि काकांनी सगळ्यात आधी हातात घेतली ती ही पोच.

आता कामाबद्दल. बाकीच्या ठिकाणी तुम्ही सांगत जाता आणि ते टाइप करत जातात. काका पहिल्या बैठकीत एक ओळ टाइप करू देत नाहीत. सगळे कागद बाकावर पसरायला लावतात, केस पेपर, दवाखान्याचं रजिस्टर, रेफर केलेल्या चिठ्ठीची कार्बन कॉपी, मेडिकलची बिलं, मोबाइल, तक्रारीची प्रत, आणि प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं बारीक नंबर घालतात. मग म्हणतात आता सांगा. आणि तुम्ही एक वाक्य सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न, "हे तुम्ही बघितलंय का ऐकलंय, का कागदात हाय, तेवढं सांगा की." बघितलेलं असेल तर कुणी बघितलं त्याचं नाव, ऐकलेलं असेल तर कुणाकडून, कागदात असेल तर कुठल्या नंबरच्या कागदात. तिन्हीत बसत नसेल तर ते वाक्य घटनाक्रमात जात नाही, कितीही खरं असलं तरी.

हे ऐकायला सोपं वाटतं पण बसल्यावर कळतं. दादानं नोटिशीला उत्तर म्हणून घरी चार-पाच पानं लिहिली होती, चांगली लिहिली होती, पण त्यात "ताबडतोब", "तत्परतेनं", "नातेवाईकांनी वेळ घालवला" असं सगळं होतं. काकांनी ती पानं वाचली, बाजूला ठेवली, आणि म्हणाले ही तुमच्या स्पष्टीकरणाला ठेवा, घटनाक्रम वेगळा, स्पष्टीकरण वेगळं. घटनाक्रमात ताबडतोब नाही लिहायचं, रात्री ८ वाजून २० मिनिटं लिहायचं, ताबडतोब आहे की नाही ते वाचणारा ठरवेल. काही सापांच्या विषानं चाव्याच्या जागेचं मांस सडतं आणि लस दिली तरी तिथला नाश पूर्ण थांबत नाही, हा वैद्यकीय मुद्दासुद्धा त्यांनी घटनाक्रमातून काढायला लावला. तो मुद्दा खरा आहे, दादाच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा तोच आहे, पण ती त्या रात्री घडलेली गोष्ट नव्हे, म्हणून त्याची जागा स्पष्टीकरणात. वकिलांनी नंतर हे बघितलं तर फार खूश झाले, त्यांच्या भाषेत लिस्ट ऑफ डेट्स, म्हणाले कोर्टातसुद्धा अशी लिस्ट क्वचित बघायला मिळते.

सगळ्यात अवघड जागा होती साप चावल्यापासून दवाखान्यात येईपर्यंतचा वेळ. तक्रारीत होतं साडेसहाला दवाखान्यात आणलं. दादाच्या रजिस्टरात ७:५०. मधल्या वेळात पेशंटला आधी दुसरीकडं, गावातल्या उतारा करणाऱ्याकडं नेलं होतं असं पेशंटच्या पुतण्यानं स्वतः त्या रात्री सांगितलं होतं आणि ते केस पेपरवर हिस्ट्रीत एका ओळीत होतं. आम्हाला वाटत होतं हे ठळक लिहावं. काकांनी लिहिलं ते असं, "७:५०, पेशंट दाखल. पुतण्यानं दिलेली माहिती: संध्याकाळी ६:१५ च्या सुमारास शेतात सर्पदंश, नंतर गावात उपचार घेतला. केस पेपर, पान ३." बस. कुठल्या मांत्रिकाकडं, किती वेळ, कुणाच्या सांगण्यावरून, हे दादानं बघितलेलं नाही म्हणून नाही. मला हे फार पटलं. समोरचा माणूसही आपल्याच भागातला, त्याच्या तोंडून आलेली गोष्ट तेवढीच आणि तशीच ठेवली, त्याला दोषी धरणारा एक शब्द नाही, आणि तरी वाचणाऱ्याला सगळं दिसतं.

मग ७:५० तरी कशावरून खरं, रजिस्टर तर दवाखान्याचंच. इथं काकांनी विचारलं पैसे कसे दिले. पुतण्यानं केस पेपरचे पैसे फोनपेनं दिले होते, वेळ ७:५३. हा कागद दादाच्या हातचा नाही, पुतण्याच्या फोनमध्येही तीच वेळ असणार, त्यामुळं त्यावर वाद नाही. बाहेरच्या माणसाच्या किंवा बाहेरच्या यंत्राच्या वेळा ते आधी शोधतात, यूपीआयचा मेसेज, १०८ ला केलेला कॉल, मेडिकलच्या बिलावरची छापलेली वेळ, आणि घरच्या नोंदी त्याच्या मधेमधे बसवतात. आमच्याकडं आणखी एक बाहेरचा कागद निघाला, फेब्रुवारी २०२४ पासून कर्नाटकात सर्पदंश हा नोंदवण्याजोगा आजार झालाय, खाजगी दवाखान्यांनाही आरोग्य खात्याला कळवावं लागतं, दादानं कळवलं होतं आणि ती नोंद तक्रार यायच्या कितीतरी आधीची. ज्या डॉक्टरांना हे अजून माहीत नाही त्यांनी कृपा करून करा, पेशंटसाठीही आणि स्वतःसाठीही.

घड्याळांबद्दल तर वेगळं लिहायला पाहिजे. दारातल्या कॅमेऱ्याच्या क्लिपमध्ये अँब्युलन्स ९:१० ला आलेली दिसते, आणि रेफर चिठ्ठीवर निघायची वेळ ९:०५. म्हणजे गाडी यायच्या आधीच पेशंट गेला! हे तसंच कौन्सिलसमोर गेलं असतं तर चिठ्ठी मागाहून लिहिली असाच अर्थ निघाला असता. अक्कांनी सांगितलं मोबाइलची वेळ आपोआप घेणारी ठेवा, कॅमेऱ्यासमोर मोबाइलचं घड्याळ धरा आणि डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनचा फोटो काढा. कॅमेरा ११ मिनिटं पुढं होता. म्हणजे गाडी ८:५९ ला आली. पण त्यांनी घटनाक्रमात ८:५९ असं नुसतं नाही लिहिलं, वेळेच्या रकान्यात क्लिपवरची ९:१० तशीच ठेवली आणि शेऱ्यात लिहिलं की अमुक तारखेला तपासलं तेव्हा घड्याळ ११ मिनिटं पुढं आढळलं, त्या हिशोबानं सुमारे ८:५९. मूळ कागदावर जे आहे ते बदलायचं नाही, फरक शेऱ्यात सांगायचा. ज्यांच्या दवाखान्यात, शाळेत, बँकेत कॅमेरे आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा, डीव्हीआर जुनं पुसून त्यावरच नवीन रेकॉर्ड करतो, त्यामुळं काही वादावादी झाली तर क्लिप लगेच वेगळी काढून ठेवा, दादाच्या कंपाउंडरनं ठेवली म्हणून आम्हाला मिळाली.

तारखांचंही तसंच. तक्रारीत होतं "सोमवारी रात्री दोन वाजता मोठ्या दवाखान्यात परत रक्त तपासलं", आणि बेळगावच्या दवाखान्याच्या कागदावर तारीख मंगळवारची. दोन्ही बरोबर, आपल्याकडं झोपून उठेपर्यंत दिवस बदलत नाही, सोमवारची रात्र पहाटेपर्यंत सोमवारचीच. पण तक्त्यात सोमवार, रात्री २ असं टाकलं तर तो सोमवार उजाडायच्या आधीचा होतो, म्हणजे साप चावायच्या आधी रक्त तपासलं असं दिसतं. काकांनी मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक नोंदीला दोन्ही वार लिहिले, "सोमवार-मंगळवार मधली रात्र". तसंच कन्नड आकड्यांतला ६ आणि ९ घाईत लिहिला की एकमेकांसारखा दिसतो, एका कन्नड नोंदीत अक्कांना शंका आली, त्यांनी अंदाजानं न भरता पेन्सिलीनं गोल केला आणि आम्हाला मूळ कागद बघून यायला पाठवलं. दुसरा कुणी असता तर त्याला वाटेल ते टाइप करून मोकळा झाला असता.

आता त्या तासाबद्दल, ज्यावर सगळी तक्रार होती. सापाच्या विषाचा रक्तावर परिणाम झालाय का, हे बघायला साधी पण पक्की तपासणी असते, दोनेक मिली ताजं रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून बघायचं, गोठलं नाही तर घोणस, फुरसं असल्या सापाचं विष रक्तात गेलंय. ७:५५ ला रक्त घेतलं, ८:१५ ला बघितलं, गोठलं नव्हतं, ८:२० ला १० वायल (छोट्या बाटल्या) लस सलाइनमधून चालू, ८:२२ ला १०८ ला फोन. नातेवाइकांनी ती २० मिनिटं बघितली ती अशी, आपला माणूस कॉटवर कण्हतोय आणि डॉक्टर एक नळी ठेवून घड्याळाकडं बघतोय. त्यांना ते बसवून ठेवणं वाटलं, आणि दादानं त्या वेळी दोन वाक्यं समजावून सांगितली असती तर बरं झालं असतं असं तो स्वतःच म्हणतो. काकांना वैद्यकीय काही कळत नाही, त्यांनी नुसतं विचारलं, या दोन ओळींच्या मधे वीस मिनिटं मोकळी दिसतायत, काय चाललं होतं? दादानं सांगितलं, त्यांनी मधे एक ओळ घातली, "७:५५ ते ८:१५, रक्ताची नळी न हलवता ठेवली, २० मिनिटांची तपासणी, केस पेपर पान ४." सगळ्या फाइलमधली सगळ्यात कामाची ओळ ही.

आणि त्याच्या उलटंही झालं. ८:४० ते ८:५५ मधली कुठलीच नोंद नाही. सलाइन चालू होतं, दादा तिथंच उभा होता, बीपी बघितलं असणार, पण लिहिलेलं नाही. दादा म्हणाला मला चांगलं आठवतंय मी बीपी बघितलं, आकडाही आठवतोय. काका म्हणाले आठवतंय तर सुनावणीत तोंडी सांगा, आठवण म्हणून सांगा, पण हितं "लेखी नोंद नाही" असंच जाणार. आणि तसंच गेलं. वाचताना छातीत धडधडलं खरं, आपणच आपल्या कागदात भोक दाखवायचं म्हणजे. पण ज्यात एकही भोक नाही असा कागद तिथं बसलेल्या डॉक्टरांना खरा वाटणारच नाही, रात्रीच्या दवाखान्यात काय चालतं ते त्यांनाही माहीत असतंय.

त्यांच्या सचोटीबद्दल एक सांगते. आम्ही बसलो असताना एक गृहस्थ आले, कुठल्याशा चौकशीचंच काम होतं, जुनी वही घेऊन आले होते आणि म्हणाले ही नवीन वहीत फेअर करून द्या, तारखा त्याच घाला. काकांनी वही उघडलीसुद्धा नाही. टाइप करून प्रत देतो, खाली "मूळ वहीवरून टाइप केलं" असं लिहून, मूळ वही सोबत जोडा, पण नवीन वही करणार नाही म्हणून सांगितलं. गृहस्थ चिडून गेले. आवाज न चढवता त्यांनी गिऱ्हाईक सोडलं, मला फार आदर वाटला. मूळ कागदात खरंच चूक असेल तर एक रेघ मारून, खालचं वाचता येईल असं ठेवून, आजची तारीख घालून सही करा, एवढंच ते सांगतात.

मोबाइलमधल्या पुराव्याचंही ज्ञान चांगलं आहे. १ जुलै २०२४ पासून एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्यामुळं मोबाइल, कॅमेऱ्याच्या पुराव्यासोबत लागणारं आधीचं ६५ बी चं सर्टिफिकेट म्हणतात ते आता कलम ६३(४) चं, त्याचे दोन भाग, एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू घालायची, म्हणजे फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा कोड. कौन्सिल म्हणजे कोर्ट नव्हे, पण वकिलांनी तयार ठेवा म्हटलं होतं आणि अक्कांकडं नमुना होता, तज्ज्ञाचा भाग मात्र बाहेरून करून घ्यावा लागला. आणखी एक, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड झालेला फोटो पुरावा म्हणून देऊ नका, त्यातली मूळ वेळेची माहिती गेलेली असते, ज्या फोननं काढला त्या फोनमधली मूळ फाइल शोधा.

आता अर्धा स्टार. पहिली गोष्ट, कॉम्प्युटरचा स्क्रीन दाराकडं तोंड करून आहे, झेरॉक्सला उभा असलेला कुणीही माणूस वाचू शकतो, आणि पेशंटची माहिती अशी उघड्यावर असणं मला अजिबात चाललं नाही. मी सांगितल्यावर अक्कांनी कच्च्या प्रतीत सगळीकडं नावाच्या जागी "रुग्ण" आणि "नातेवाईक १, २" असं घातलं, आणि खरी नावं शेवटच्या प्रिंटच्या वेळी भरली, काम झाल्यावर फाइल माझ्यासमोर डिलीट केली. पण हे गिऱ्हाइकानं सांगायला लागू नये, टेबल फिरवून घेतलं तरी पुरे. दुसरी, श्रीलिपीत टाइप केलेली मराठी फाइल मेल केली तर वकिलांच्या कॉम्प्युटरवर नुसता चिखल उघडतो, पीडीएफ मागून घ्या किंवा आधीच युनिकोडमध्ये करा म्हणून सांगा, येतं त्यांना. तिसरी, वैद्यकीय शॉर्टफॉर्म त्यांना कळत नाहीत, विचारतात म्हणून चूक होत नाही पण वेळ जातो, डॉक्टर लोकांनी स्वतः बसावं, कंपाउंडरला पाठवू नये.

पैसे वाजवी. मराठी-इंग्रजी टायपिंग पानाला ४० रुपये, कन्नडवरून इंग्रजी केलेलं पान २००, झेरॉक्स २ रुपये, आणि कागद लावून देण्याचे, नंबरिंग, इंडेक्स, अ‍ॅनेक्शरच्या (जोडलेल्या कागदांच्या) चिठ्ठ्या, टॅग लावणं याचे फाइल बघून वेगळे सांगतात, आधी सांगतात आणि तेवढेच घेतात. आधी एका ऑनलाइन सर्व्हिसवाल्याकडून करून घेतलं होतं, याच्या कितीतरी पट पैसे घेऊन रंगीत बाणांचा तक्ता पाठवला, दिसायला झकास, पण एकाही घटनेपुढं पान नंबर नाही, आणि ७:५० चं १७:५० झालेलं. तो वापरलाच नाही.

सुनावणीला दादा आणि वकील राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरूला गेले, मी सोबत होते पण बाहेर बसले होते. दादा सांगतो की एका सदस्यांनी घटनाक्रम आणि तक्रार शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत वाचलं, आणि ती वीस मिनिटं, कॅमेऱ्याची ११ मिनिटं आणि ती न लिहिलेली पंधरा मिनिटं, एवढ्यावरच प्रश्न विचारले. प्रत्येक वेळी दादानं पान नंबर सांगितला आणि पान उघडलं, बीपीबद्दल विचारलं तेव्हा लेखी नोंद नाही, आठवणीतून सांगतो असं म्हणून सांगितलं. तक्रारदारही हजर होते. त्यांना ती नळीची ओळ वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, हे आम्हाला त्या रात्री कुणी सांगितलं नाही. दादानं मान्य केलं. निर्णय अजून आलेला नाही, विरुद्ध गेला तर ६० दिवसांत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या एथिक्स बोर्डाकडं अपील करता येतं, त्यालाही हीच फाइल लागणार. मी स्टार दिलेत ते निकालावर नाहीत, कामावर आहेत.

जायचं असेल तर सोमवारी सकाळी जाऊ नका, कोर्टाच्या तारखांची गर्दी असते, दुपारी तीननंतर काका निवांत बोलतात. खानापूर-लोंढ्याकडून येणाऱ्यांनी सीबीटी बसस्टँडवरून सरळ रिक्षा करा, गाडी आणली तर तिथं लावायला जागा मिळत नाही. मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक सेट दोन्ही न्या, मूळ ते ठेवून घेत नाहीत, समोर बघून परत देतात. मेडिकलची, एटीएमची ती गुळगुळीत कागदाची बिलं असतील तर आजच झेरॉक्स काढा, छपाई उडून जाते. ज्या फोनवरून कॉल झाले तो फोन आणि चार्जर न्या, कॉल लॉग जुना असेल तर आधी बघून घ्या की अजून दिसतोय का. नोटिशीवरची उत्तराची शेवटची तारीख पहिल्याच वाक्यात सांगा, ती ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात आणि त्याच्या आधी काम देतात. कन्नड कागद जास्त असतील तर सकाळीच नेऊन द्या, अक्का संध्याकाळी सहानंतर भाषांतराचं काम घेत नाहीत.